तो कुणाचा?

चंपाषष्ठीला आमच्याकडे वांग्याचा वनवास संपतो. चातुर्मासात ज्या घरांत वांग्याला हात लावत नाहीत तिथेही त्या दिवशी भरीत होतं, आणि ज्याचं शेत असेल त्याच्या शेतावर होतं. २०२४ साली चंपाषष्ठी ७ डिसेंबरला आली. धाकट्या नणंदेच्या एरंडोलकडच्या मळ्यात आम्ही सगळे जमलो होतो. वांगी बामणोदची, फिकट हिरवी, एकेक हातात मावेना अशी. गेल्या सालच्या पऱ्हाट्यांचा जाळ केलेला. साल करपल्याचा तो वास केसांत शिरला की दोन दिवस जात नाही. पुरुषमंडळी बडगीत वांगी ठेचत होती, आम्ही लसूण सोलत, मिरच्या परतत होतो, आणि कळण्याच्या पुऱ्यांचा घाणा एकीकडे सुरूच होता. जेवणं झाल्यावर मी लिंबाखाली टेकले आणि मोबाइल काढला. तारीख माझ्या लक्षात होती. जपानचा फिगर स्केटर, बर्फावर नाचणारा युझुरु हान्यू, त्याचा तिसावा वाढदिवस. त्याचा बार्सिलोनाचा, २०१५ सालचा कार्यक्रम लावला. पांढरा, सैल बाह्यांचा पोशाख, जुन्या जपानी दरबारातल्या मांत्रिकाचं सोंग, आणि सुरुवातीची ती बासरी.

नणंदेचे सासरे शेजारी बाजेवर पडले होते. आबांनी मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाऊ पोऱ्या शे का पोर?" सगळे हसले. तेवढ्यात नणंदेची सून ताटं गोळा करत आली, माझ्या खांद्यावरून वाकली आणि म्हणाली, "मामी, आज वाढदिवस ना त्याचा?"

मी चकितच झाले. इतकी वर्षं मी या माणसाला एकटीनं पाहत आले होते. जळगावात माझ्या ओळखीत त्याचं नाव माहीत असलेलं कुणी नव्हतं, आणि इथे, कपाशीच्या वावरात, लग्न होऊन तीन-चार वर्षं झालेली आमच्याच घरातली मुलगी त्याचा वाढदिवस ओळखत होती. मी तिला बस म्हटलं. तिनं उभ्या उभ्याच एक गिरकी बघितली आणि म्हणाली, "मी नाही बघत आता. लग्न केलं ना त्यानं, तेव्हाच संपला तो माझ्यासाठी. त्या रात्री सगळे व्हिडिओ पुसून टाकले." आणि ताटं घेऊन विहिरीकडे निघून गेली.

ते वाक्य काही केल्या मला सोडेना.

आबांच्या प्रश्नाचं मला काहीच वाटलं नव्हतं. तो प्रश्न बर्फावर नाचणाऱ्या प्रत्येक पुरुषाला जगभर विचारला गेलाय. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या जॉनी वीअरबद्दल कॅनडातल्या एका वाहिनीवरचे दोन समालोचक असंच बोलले होते, याची लिंगचाचणी करायला हवी म्हणून. मग त्यांना माफी मागावी लागली. त्याच वीअरनं हान्यूचे सुरुवातीचे पोशाख रेखले, २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमधल्या लांब कार्यक्रमाचा सुद्धा. खांद्यावर चमकते खडे, गळ्याशी झालर, कंबर एवढीशी. हान्यूला पुरुषी दिसायची गरज कधी वाटली नाही, आणि त्यापायी त्यानं कुणाशी वादही घातला नाही. मला हे त्याचं फार मोठं काम वाटतं. आणि खरं सांगायचं तर आमच्या भागात याची काय अपूर्वाई? यात्रेतल्या सोंगांत देवी होणारा पुरुषच असतो. हळदीच्या रात्री डोक्यावरून पदर घेऊन नाचणारे मामा-काका मी लहानपणापासून पाहिलेत. आबांनी प्रश्न विचारला खरा, पण मग कोपरावर उठून त्यांनी तो कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला, आणि शेवटी विचारलं, "बरफवर पाय कसा टिकस?" ज्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, जिथे बर्फ म्हणजे भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आणलेली लग्नातली लादी, तिथल्या माणसानं विचारायचा हाच प्रश्न. मी त्यांना पात्याच्या दोन कडा समजावून सांगितल्या. त्यांना कळल्या. बैलगाडीच्या चाकाची धाव त्यांनी आयुष्यभर पाहिली आहे.

सुनेचं बोलणं मात्र वेगळं होतं. ते आमच्यातल्याच एकीचं बोलणं होतं. तिनं त्याला अनोळखी म्हणून हिणवलं नव्हतं; त्याच्यावर जीव लावून, मग त्याला कायमचं मिटवून टाकलं होतं.

माझा जीव कसा जडला ते सांगते. धरणगावला आमचं घर जिनिंगच्या मागच्या अंगाला होतं. दिवाळी ते होळी जिनिंग चाले आणि हवेत रुईचे तंतू तरंगत. खिडकीच्या जाळीवर, पाण्याच्या माठावरच्या फडक्यावर, आईच्या भुवयांवर. धाकट्या भावाला दमा होता. रात्री तो मांडीवर उशी घेऊन, पुढे वाकून बसे. खांदे वर-खाली होत, गळ्याशी खळगा पडे, आणि छातीतून ती शीळ. आई पाठीवर हात ठेवून बसलेली. आम्ही बाकीची भावंडं अंधारात डोळे मिटून पडलेली, पण झोपलेलं कुणीच नसायचं. शीळ कधी थांबते याची सगळे वाट बघत असत. तो कधी पळाला नाही. लंगडीत त्याला घेत नसत, खोखोत घेत नसत. मैदानाच्या कडेला सगळ्यांच्या चपला सांभाळत बसे.

२०१४ च्या फेब्रुवारीत, रात्री उशिरा, अडखळत चालणाऱ्या इंटरनेटवर मी सोचीतली पुरुषांची अंतिम फेरी पाहत होते. फिगर स्केटिंग मला हौसेनं बघायला आवडे, त्यापलीकडे काही नव्हतं. एकोणीस वर्षांचा एक काटकुळा मुलगा आला. पहिल्याच चौपट उडीत, म्हणजे हवेत चार फेरे घ्यायच्या उडीत, पडला, पुढे आणखी एकदा पडला, उठला, शेवटच्या मिनिटात रंग उडालेल्या चेहऱ्यानं नुसता चिवटपणे टिकून राहिला. संगीत थांबलं तसा तो ओणवा झाला, हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. खांदे वर-खाली होत होते. तो श्वास मी ओळखला. कुणी सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांचा असल्यापासून त्याला दमा आहे हे मी नंतर वाचलं. त्या रात्री त्याला सुवर्णपदक मिळालं, पुरुषांच्या एकेरी फिगर स्केटिंगमधलं आशियाचं पहिलं.

दोनदा पडलेल्याला सुवर्ण कसं, हा वाद तेव्हा पेटला आणि कॅनडाच्या पॅट्रिक चॅनच्या चाहत्यांच्या मनातून तो अजून गेलेला नाही. आकडे पाहिले तर गुंता नाही. निकाल छोटा आणि लांब अशा दोन कार्यक्रमांच्या गुणांच्या बेरजेवर लागतो. आदल्या दिवशीच्या छोट्या कार्यक्रमात हान्यूनं १०१.४५ गुण घेतले होते, शंभरावर जाणारा तो पहिला. चॅन जवळजवळ चार गुणांनी मागे होता. लांब कार्यक्रमात चॅनच्याही चुका झाल्या. शेवटी २८०.०९ विरुद्ध २७५.६२. मला चॅनचं वाईट वाटतं, आणि त्याची पात्यावरची सफाई कुणी नाकारू नये. पण त्या दिवशी बर्फावर सगळेच डगमगत होते, आणि ज्याची शिदोरी मोठी होती तो तरला.

जपानातलं सेंदाई हे त्याचं गाव. तिथल्या लोकांचा हान्यू निराळा. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा सोळा वर्षांचा हा मुलगा गावातल्या बर्फाच्या मैदानावर सराव करत होता. पात्यांचे बूट घातलेल्या पायांनीच बाहेर पळाला. काही दिवस घरच्यांबरोबर निवारा छावणीत काढले. मैदान मोडलं, बंद पडलं. मग सरावाला बर्फ मिळावा म्हणून तो देशभरच्या आइस शोंमध्ये फिरत राहिला. ज्यांची घरं समुद्रानं नेली त्यांना त्याच्यात आपण उठून उभं राहिल्यासारखं दिसलं. सोचीच्या पदकानंतर त्याला भूकंपाबद्दल विचारलं, तेव्हा त्यानं अभिमानाचं काही सांगितलं नाही. आपल्या हातून त्या लोकांसाठी काही झाल्यासारखं वाटत नाही, अशा अर्थाचं काही बोलला. एकोणिसाव्या वर्षी एका आख्ख्या प्रदेशाचं दुःख खांद्यावर घ्यायला लागलं की माणूस दुसरं काय बोलणार?

चाहते म्हणून आम्ही एक जात नाही. त्याच्या एकेका प्रसंगावरून आमच्यात तट आहेत. २०१४ च्या नोव्हेंबरात शांघायला सरावाच्या सहा मिनिटांत तो आणि चीनचा यान हान एकमेकांवर आदळले. दोघेही बर्फावर आडवे. डोक्याला पट्टी, हनुवटीला चिकटपट्टी, आणि हा मुलगा थोड्या वेळानं कार्यक्रम करायला उभा. पाच वेळा पडला. दुसरा आला. गुण पाहून ढसाढसा रडला. त्याच्या शौर्याची ती कहाणी कित्येक जण अजून भक्तिभावानं सांगतात. दुसरे म्हणतात, डोक्याला मार लागलेल्या पोराला बर्फावर सोडणाऱ्या मोठ्या माणसांना लाज वाटायला हवी होती. मी दुसऱ्यांच्या बाजूची आहे. तो कार्यक्रम मी एकदाच, तुकड्यातुकड्यानं पाहिला आणि पुन्हा लावलेला नाही. तो माझा भाऊ असता तर मी त्याला खोलीत कोंडून बाहेर बसले असते. आणि तरीही पाचव्यांदा पडून तो उठला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, हेही तितकंच खरं. हे दोन्ही एकाच छातीत कसं मावतं, मला सांगता येत नाही.

२०१८ ला प्योंगचांगच्या आधी उजवा घोटा दुखावला. नोव्हेंबरपासून एकही स्पर्धा न खेळता तो थेट ऑलिम्पिकला उतरला आणि जिंकला. सलग दोनदा सुवर्ण, डिक बटननंतर, म्हणजे १९५२ नंतर, पहिल्यांदाच. कार्यक्रम संपल्यावर त्यानं वाकून त्या घोट्याला हात लावला. मग चाहत्यांनी बर्फावर फेकलेल्या, विनी द पू या अस्वलाच्या बाहुल्यांचा पिवळा पाऊस. सेंदाईत मिरवणूक निघाली तेव्हा रस्त्यावर लाखभर माणसं होती. तिथेच थांबायला हवं होतं, असं म्हणणारे चाहते पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं असं की पुढची चार वर्षं त्यानं स्वतःची मूर्ती स्वतःच्या हातानं झिजवली: अमेरिकेच्या नेथन चेनकडून हार, पुन्हा हार, पुन्हा दुखापती, महामारीत प्रशिक्षकापासून दूर एकट्यानं रात्री-अपरात्री सराव, आणि शेवटी बीजिंग ऑलिम्पिकला चौथा क्रमांक.

मला हे मुळीच पटत नाही. माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा दिवस बीजिंगचाच.

छोट्या कार्यक्रमात पहिल्याच उडीला पातं बर्फातल्या खड्ड्यात अडकलं, कुणीतरी आधी पाडलेल्या. चौपट उडीची एकेरी झाली. तो आठवा. पदक जवळजवळ हातचं गेलं. शहाणा माणूस लांब कार्यक्रमात जमतील तेवढ्याच उड्या बांधून निदान कांस्य गाठायला बघेल. यानं चौपट अ‍ॅक्सल घेतली. बाकीच्या सगळ्या उड्या पाठमोऱ्या घेतात, अ‍ॅक्सल तेवढी समोर तोंड करून. आणि उतरायचं मात्र पाठमोरंच. त्यामुळे चौपट म्हटली तरी हवेत साडेचार फेरे. तोवर स्पर्धेत कुणालाच ती साधली नव्हती. आणि तिची किंमत किती? १२.५ गुण. चौपट लुट्झ या दुसऱ्या उडीचे ११.५. एका गुणासाठी कुणी शरीर मोडून घेत नाही. तेव्हा गुणांसाठी तो ती करतच नव्हता. लहानपणापासून ती उडी त्याच्या डोक्यात होती. १० फेब्रुवारी २०२२ ला तो उडाला, पडला, फेरा थोडा अपुरा राहिला, पण पंचांनी ती चौपट अ‍ॅक्सल म्हणून नोंदवली, इतिहासात पहिल्यांदा. पुढची उडीही पडली. मग उरलेला कार्यक्रम त्यानं इतका स्वच्छ केला की मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. त्याच वर्षी सप्टेंबरात इलिया मालिनिन नावाच्या सतरा वर्षांच्या अमेरिकन मुलानं ती उडी निर्दोष करून दाखवली. आमच्यातल्या काहींना ते सोसवलं नाही. मला आनंद झाला आणि आत कुठेतरी टोचलंही. पण दार कुणी ढकललं होतं हे मालिनिन स्वतः जाणतो, आणि मला तेवढं पुरे आहे.

हट्टीपणा, म्हणतात. हट्टच तो. पण तो त्याचा हट्ट होता. त्याची हाडं, त्याचा घोटा, त्याचा श्वास. आम्ही कोण सांगणार, इथे थांब म्हणून?

मामाच्या गावी, गिरणेच्या काठी, एक पैलवान होता. मी आठ-दहा वर्षांची असेन. गावानं त्याला पोसला होता, शब्दशः. या घरचं दूध, त्या घरचं तूप, सावकाराकडून बदाम. तो तालमीतून येताना लोक बाजूला होत आणि बायका मुलांना त्याच्या पायाशी लोळवून घेत. यात्रेच्या दंगलीत तो जिंकला की आख्ख्या गावाची छाती फुगे. मग त्यानं लग्न केलं. पैलवानानं लग्न करू नये असं गावाचं मत होतं, आणि दुधातुपाच्या बदल्यात ते मत द्यायचा हक्क आपल्याला आहे असंही गाव समजत होतं. पुढच्या यात्रेत मालेगावकडच्या एका मल्लानं त्याला चीत केलं. त्या रात्री गावात जेवणं झाली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सगळे एकच बोलू लागले: बायकोनं खाल्ला.

त्याची बायको मला आठवते. सोळा-सतरा वर्षांची, हातात अजून लग्नाचा चुडा. आम्ही मुली तिला बघायला म्हणून मुद्दाम त्या गल्लीतून जायचो. ती उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडत असे, उंबऱ्याच्या बाहेर नाही. विहिरीवर ती यायची बंद झाली होती, पाणी तिची सासू भरायची. आजी म्हणायची, काय करील बिचारी, येते तेव्हा बाया दोर हातात देत नाहीत. मला तेव्हा त्या पैलवानाचंच वाईट वाटायचं. सगळ्यांना त्याचंच वाटायचं.

४ ऑगस्ट २०२३ च्या रात्री हान्यूनं लग्न केल्याचं जाहीर केलं. नुसतं निवेदन, बायकोचं नाव नाही. १७ नोव्हेंबरला दुसरं निवेदन आलं: घटस्फोट. कारणं त्यानं स्वतः लिहिली होती. पाठलाग, बदनामी, घराभोवती घुटमळणाऱ्या संशयास्पद गाड्या, अचानक गाठून बोलणारी माणसं, घरच्यांना आणि नातलगांना त्रास. ती घराबाहेर पाऊल टाकू शकत नव्हती, असं त्यात होतं. ती तसं जगत असताना तिला सांभाळणं आपल्याला जमत नाही, तिनं सुखी व्हावं, म्हणून हा निर्णय. साडेतीन महिने. मी ते वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. आणि मग जगभरचे चाहते काय म्हणताहेत ते वाचायला पुन्हा उचलला. बहुतेक हळहळत होते. काही जण त्याला दोष देत होते, नाव लपवलं म्हणूनच लोकांचं कुतूहल पेटलं म्हणून. आणि काही, थोडे असतील, पण होते, ते आनंदले होते. आमचा युझु परत आला म्हणत होते.

इथे मला एक अवघड गोष्ट कबूल केली पाहिजे. ती प्रतिमा त्यानंही घडवली होती. पूची बाहुली, बर्फाला वाकून नमस्कार, हरल्यावर पोरासारखं रडणं, खासगी आयुष्याबद्दल चकार शब्द नाही, आयुष्यात स्केटिंगवाचून दुसरं काही नाही असा एकूण भास. मी याला ढोंग म्हणणार नाही. तो तसाच असावा. पण इतकी निर्मळ, इतकी रिकामी जागा समोर ठेवली की बघणारे तिथे आपापलं सामान आणून ठेवतात. कुणी त्याला मुलगा केलं, कुणी देव, कुणी नवरा. कुणी न झालेला आपला स्वतःचा जन्म.

माघात एका संध्याकाळी मी सुनेला फोन लावला. निमित्त पापडाचं काढलं. बोलता बोलता तिनं आपणहून सांगितलं. शाळेत असताना ती चाकाचं स्केटिंग करायची, जळगावला, मैदानावर, पहाटे. नववीत ते बंद झालं. मुलगी मोठी झाली, एवढंच कारण. मग कॉलेजात असताना हान्यू सापडला. लग्न होऊन एरंडोलकडे आली तेव्हा दिवसभर शेतावरच्या गड्यांचा स्वयंपाक, सासू-सासरे, आजेसासरे, आणि रात्री भांडी आवरल्यावर पांघरुणाखाली तो मोबाइल. "तो सुटलेला होता मामी," ती म्हणाली. "कुणाचाच नव्हता. मला वाटायचं, एक तरी माणूस जगात असा आहे की ज्याला फक्त त्याचं कामच आहे. मग त्यानं पण लग्न केलं." तिचा आवाज चिडका नव्हता. थकलेला होता.

मी म्हटलं, अगं, पण त्यानं लग्न केलं म्हणून त्याचं काम कुठे गेलं? तो आता स्पर्धा खेळत नाही, पण टोकियो डोममध्ये पस्तीस हजार माणसांसमोर एकट्यानं कार्यक्रम केलाय त्यानं. दरवर्षी मार्चमध्ये तो मियागीला, सेंदाईच्याच प्रांतात जातो, रिफू नावाच्या गावी, तिथल्या मोठ्या क्रीडागृहात. २०११ साली त्याच इमारतीत भूकंपातले मृतदेह ओळींनी ठेवले होते. तिथे तो त्यांच्यासाठी स्केट करतो. अजून दम लागतो, अजून गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहतो. मला तर आता तो जास्त आवडतो, मी म्हटलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला तो दमलेला आवडतो. मला सुटलेला आवडायचा. फरक काय पडला?"

मी तिला भावाचं कधी सांगितलेलं नव्हतं. बहुधा घरात कुणी बोललं असेल. मला उत्तर लगेच सुचलं नाही, आणि सुचलं तेही पुरतं नव्हतं. मी म्हटलं, मला तो काहीही आवडो, त्यानं काय करावं हे मी ठरवत नाही. उद्या त्यानं बूट खुंटीला टांगले तरी माझा हात त्याला आशीर्वादालाच उठेल. ती म्हणाली, मीही कुठे काय ठरवलं, मी फक्त बघणं सोडलं. त्याच्या दारात थोडीच गेले होते? हे तिचं बरोबर होतं. बघणं सोडायचा हक्क तिला आहेच. पण मला तेवढ्यावर थांबवेना. मी तिला त्या निवेदनातलं वाक्य वाचून दाखवलं, घराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं ते. म्हटलं, तो संपला असं तू म्हणालीस तेव्हा मला तो नाही आठवला, ही आठवली. हिच्याबद्दल आपण कुणी काही बोलतच नाही. तू सुटलेली नाहीस म्हणतेस, मग ती कुठे सुटली होती? तिचं तर नाव काढायला माणसं कामाला लागली होती.

पलीकडे कुकरच्या शिट्ट्या झाल्या, कुणीतरी तिला हाक मारली. तिनं "आले" म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला नाही. मग हळू आवाजात विचारलं, "मामी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं बोलताय? त्याच्या?"

नाही, मी म्हटलं. तिच्या.